अंडी जातात कुठे? परसातल्या दरवर्षीच्या चोरीचा माग

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्याकडेही हेच चाललं असेल तर पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. जून लागला की आमच्याकडे अंडी कमी व्हायची. सहा कोंबड्यांची मिळून रोज तीन-चार मिळायची, ती एकावर यायची, कधी तेवढंही नाही. जुलैत पिल्लं जायची. एका रात्रीत दोन, मग आठवडाभर काही नाही, मग पुन्हा एक. त्याच सुमाराला वाफ्यातली भेंडीची रोपं जमिनीसरशी कापलेली आणि काकडी अर्धी कुरतडलेली दिसायची. गणपतीपर्यंत डोकं फिरायचं, दिवाळीला सगळं आपोआप थांबायचं आणि आम्ही विसरून जायचो. पुढच्या जूनला पुन्हा तेच. असे तीन पावसाळे गेले.

घर भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, बैठं. मागे बारा बाय वीस फुटांचं परस. परसाच्या भिंतीपलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे झाडी चढत चढत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाते. तिथून पुढे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल. शेजारपाजार कसा आहे ते यावरून कळलं असेल. कोंबड्या पाळायची हौस सासूबाईंची. त्या मालवणकडच्या, त्यांना दारात कोंबडी नसेल तर घर ओकंबोकं वाटतं. कोंबडा ठेवलेला नाही. पहाटे चारला आरवला असता तर गल्लीने आम्हालाच हाकललं असतं. पिल्लं हवी असली की गावाहून येणारा कोणीतरी भाताच्या कोंड्यात घालून अंडी आणतो आणि ती खुडूक कोंबडीखाली ठेवतो. एकवीस दिवसांनी पिल्लं.

पहिल्या वर्षी आम्ही मुंगसाला धरलं, दुसऱ्या वर्षी धामणीला, तिसऱ्या वर्षी शेजारच्या बोक्याला. थोडाफार दोष तिघांकडेही जातो, पण या सगळ्यांना बोलावणं कोण धाडत होतं ते कळायला तीन वर्षं लागली. घाई असेल तर मधलं सोडून ‘दाण्याचा हिशेब’ तेवढा वाचा.

मुळात अंडं घातलं होतं का?

प्रश्न खुळचट वाटेल, पण पहिला महिना आमचा यातच गेला. गावठी कोंबडी काही वर्षभर अंडी देत नाही. दहा-पंधरा घालते आणि खुडूक होते. हात जवळ नेला की पिसं फुलवून गुरगुरते, दिवसातून एकदा उठून घाईघाईने दाणापाणी उरकते आणि परत बसते. आमच्या सहांपैकी एक खुडूक, एक पिसं झाडत होती आणि एकीचं वय झालं होतं. म्हणजे तीन हिशेबातून गेल्याच. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे नेमाने घालणारी कोंबडीसुद्धा रोज थोडी थोडी उशिरा घालते आणि मध्येच एक दिवस खाडा करते. हे डोक्यात ठेवता येत नाही. आम्ही कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोजचा आकडा लिहायला लागलो. पंधरा दिवसांत कळलं की निम्मी चोरी ही चोरी नव्हतीच.

दुसरी गोष्ट, मोकळी सोडलेली कोंबडी तुम्ही नेमून दिलेल्या जागी अंडं घालेल याचा नेम नाही. अळवाच्या मागे, उभ्या करून ठेवलेल्या पत्र्याच्या आडोशाला, रिकाम्या सिमेंटच्या गोणीवर एक दिवस अकरा अंडी सापडली. बादलीभर पाण्यात सोडली तर सात तरंगली. ती उचलून खड्ड्यात टाकताना एक फुटलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. तेव्हापासून सकाळी दहापर्यंत कोंबड्या खुराड्यातच असतात, कारण बहुतेक अंडी सकाळच्याच वेळात पडतात.

तिसरी शक्यता सांगायला जरा लाज वाटते: कोंबडी आपलंच अंडं खाते. चोचीच्या टोकाला वाळलेलं पिवळं दिसलं, घरट्यातला भुसा एका जागी चिकट लागला आणि कवचाचा मागमूस नसला तर संशय घ्या. कवच पातळ झालं की अंडं बसताउठता फुटतं, एकदा चव लागली की सवय जडते. यावर उपाय आमच्या स्वयंपाकघरातच होता. तिसऱ्यांचं सार झालं की शिंपल्या टाकायच्या नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर खरपूस भाजून खलबत्त्यात जाडसर कुटायच्या. वेगळ्या वाटीत ठेवल्या की कोंबडी लागेल तेवढं आपणच टिपते. दाण्यात मिसळू नका, नको असताना पोटात जातं. महिन्याभरात कवचं टणटणीत झाली.

कोणीतरी सुचवलं म्हणून घरट्यात टेबल टेनिसचा चेंडू ठेवला होता, कोंबडीने चोच मारून कंटाळावं म्हणून. परसात साप फिरत असतील तर हे करू नका. साप तो अंडं समजून गिळतो आणि चेंडू पचत नाही. हे आम्हाला सर्पमित्राने सांगितलं, नशिबाने वेळेत.

खुणा

आता खरी चोरी. कोणी नेलं हे बघण्याआधी कधी नेलं ते बघा. मुंगूस दिवसाचा गडी. घार, कावळा, शिक्रा हेही उजेडातले. घूस, उंदीर, कांडेचोर (उदमांजर) आणि बोका रात्रीचे. धामण दिवसाच फिरते, नागाचं मात्र सांगता येत नाही. सकाळी मोजली, संध्याकाळी मोजली, एवढं केलं तरी संशयितांची यादी निम्मी होते.

मग खुणा. मुंगूस अंडं फोडून चाटून खातं, कवचं मागे राहतात. खुराड्यात शिरलं तर भुकेपुरतं मारून थांबत नाही. मानेशी चावलेल्या तीन-चार कोंबड्या तशाच टाकून जातं. पहिल्या वर्षी मी मुंगसाच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा सासूबाई तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, “मुंगूस अंडां फोडून खाता, गिळणा नाय. टरफलां खंय हत?” टरफलं कुठेच नव्हती. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

अंडं किंवा पिल्लू जागच्या जागी नाहीसं झालं, ना पीस ना रक्त, तर साप किंवा घार. घार असेल तर कोंबडी आधी आभाळाकडे बघून ओरडते, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पिसं सगळीकडे विखुरली असतील तर मांजर. कांडेचोर पत्र्यावर धडधडतो, पिकलेली पपई आतून कोरून ठेवतो आणि भिंतीवर बिया भरलेली विष्ठा टाकून जातो. पिल्लू हाताशी लागलं तर सोडत नाही, पण त्याचा जीव फळांवर जास्त. भिंतीच्या कडेला ताज्या मातीचा ढीग आणि मुठीएवढं भोक दिसलं तर घूस. तिच्या भोकाच्या तोंडाशी पिल्लाचा एक पाय पडलेला मी पाहिला आहे.

आणि अंगावर जखम नसताना पिल्लू मेलं असेल तर जंगलाकडे बघूच नका. ओल्या भुशात रक्ती हगवण लागते, विष्ठेत रक्त दिसतं. मान पिळवटली, पाय लुळे पडले तर मानमोडी. तिला औषध नाही, लसच घ्यावी लागते. शंका आली की सरळ गुरांच्या डॉक्टरला दाखवा. आम्ही एकदा पिशवीतून कोंबडी घेऊन लोकलने परळला बैलघोडा हॉस्पिटलात गेलो होतो. डब्यातल्या बायकांनी कोंबडीलाच खिडकी दिली.

धामण दिली, तिथे चुकलो

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमधल्या एका दुपारी, सासूबाईंना खुराड्याच्या मागे सात फुटांची धामण दिसली. पाचच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं नाग, कोणी म्हणालं जोडी असणार. धामणीला फणा नसतो. डोळे मोठे, गोल. ओठांवर काळ्या उभ्या रेघा. अंग सडपातळ आणि शेपटी लांब निमुळती. विष नाही. सर्पमित्र आला, दोन मिनिटांत तिला पिशवीत घातलं, नोंद केली आणि जंगलात सोडायला घेऊन गेला. जाताना म्हणाला, “काकू, ही तुमच्याकडे उंदरांसाठी आली होती.” आम्ही मान डोलावली आणि दार लावून घेतलं. पिल्लं वाचली म्हणून त्या दिवशी घरात शिरा झाला.

महिन्याभरात मोरीतला साबण जायला लागला. आधी आम्ही एकमेकांना विचारायचो, मग कळलं. उंदीर साबण नेतात, चरबीसाठी. नवी वडी रात्री ठेवावी आणि सकाळी दातांच्या दोन-दोन रेघा पाडलेला कोपरा उरावा. मग दुधीचा वेल बुडाशी कुरतडला. मग वांगी. पुढे भर दुपारी उंदीर दाण्याच्या भांड्यात बसून खाताना दिसले आणि कोंबड्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्या वर्षी पिल्लं धामणीच्या काळापेक्षा जास्त गेली. धामण एखाददुसरं पिल्लू किंवा अंडं खात असेलही, पण तिचं मुख्य पोट उंदरांवर होतं, आणि आमचा राखणदार आम्हीच पिशवीत घालून दिला होता.

त्यानंतर मी जे केलं ते करू नका म्हणून सांगते. चिकट पुठ्ठे आणले. पहिल्या रात्री एक चिचुंद्री, दुसऱ्या दिवशी सकाळी दयाळ. काळा-पांढरा नर, रोज पहाटे आमच्या शेवग्यावर बसून गाणारा. एक पंख आणि शेपूट पूर्ण चिकटलेली, चोच उघडी, छाती इतकी धडधडत होती की हातात धरवेना. खोबरेल तेल बोटाने थेंब थेंब सोडत, एक एक पीस मोकळं करत अर्धा तास गेला. उडाला, पण शेपटीची चार पिसं पुठ्ठ्यावरच राहिली. विषाच्या गोळ्यांचंही तेच. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि घुबड, मांजर, धामण नाहीतर तुमचीच कोंबडी त्याला उचलते. डांबराच्या गोळ्या आणि फिनेलने साप येत नाही ही समजूत आहे. पावसात ते सगळं धुऊन कोंबड्यांच्या पाण्यात मात्र उतरतं.

दाण्याचा हिशेब

तिसऱ्या वर्षी संशय बोक्यावर होता. यावेळी मात्र पुरावा हवा होता. खुराडं पत्र्याखाली असल्याने पुढची फरशी कोरडी राहते. तिथे रात्री चाळणीने पांढरी रांगोळी पसरली, बोटाने ओढली तर रेघ उमटेल इतपत पातळ. तांदळाचं पीठ नको, मुंग्या येतात आणि ठसे मोडतात. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा, तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

पहिल्या सकाळी बोक्याचे ठसे होते. गोल, चार बोटं, नखं नाहीत. खुराड्याभोवती एक चक्कर मारून आला तसा गेला होता. दुसऱ्या सकाळी काहीच नाही. तिसऱ्या सकाळी सगळी फरशी भरलेली. बारीक बारीक पावलं, पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटी ओढल्याची एक सलग रेघ. मागच्या विटेखालून निघालेली वाट होती. मी ती पुढे बघत गेले, तर ती घरट्याकडे जातच नव्हती. सरळ दाण्याच्या भांड्याकडे जात होती, भांड्याभोवती रांगोळी पार पुसली गेली होती, आणि तिथून एक फाटा फुटून पिल्लांच्या डालग्याकडे.

संध्याकाळी वजनकाटा काढला. मी रोज किलोभर दाणा घालत होते, अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. सहांचे झाले सहाशे-सातशे, शिवाय त्यांना भाजीचे देठ, शिळा भात मिळतोच. म्हणजे रोज निदान तीनशे ग्रॅम उरत होते आणि रात्रभर उघडे पडत होते. उंदराला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम पुरतात. मी सहा कोंबड्या आणि दहा उंदीर पोसत होते, आणि दहा उंदरांच्या मागे एक धामण, एक बोका आणि देव जाणे आणखी कोण.

दरवर्षी जूनलाच का, याचं उत्तरही मग नाल्यात दिसलं. पहिला जोराचा पाऊस झाला की नाल्याकाठची बिळं बुडतात. उंदीर-घुशी कोरड्या जागेच्या शोधात वर येतात, आणि आमच्या पत्र्याखाली कोरडी जागा, भुसा आणि जेवण असं सगळं एकाच ठिकाणी होतं. सापांचीही बिळं बुडतात, तेही वर येतात, आणि ज्याचा वास लागतो त्याच्या मागे जातात. दिवाळीपर्यंत नाला आटतो आणि मंडळी खाली परततात.

उपाय इतका साधा की लिहिताना संकोच वाटतो. दाणा वाटीने मोजून, सकाळी मोठा घास, संध्याकाळी लहान. संध्याकाळचा दाणा अंधाराच्या अर्धा तास आधी, आणि कोंबड्या खुराड्यात चढल्या की भांडं उचलून घरात. खाली सांडलेलं झाडून घ्यायचं. यासाठी भांड्याखाली जुनी ताटली ठेवली की काम सोपं. दाण्याचं पोतं गेलं, तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आला, घट्ट झाकणाचा. ओला कचरा झाकणाच्या ड्रममध्ये. पहिले दहा दिवस काही फरक नाही, उलट उंदीर जास्त धीट झाले आणि एकाने सासूबाईंच्या जपमाळेची दोरी कुरतडली. त्या दिवशी घरात माझ्या हिशेबाची बरीच थट्टा झाली. तिसऱ्या आठवड्यात मोरीतला साबण सकाळी जागेवर होता.

खुराडं

दाणा उचलला की येणारे कमी होतात, पण आधीच आलेल्यांना दार उघडं राहता कामा नये. हार्डवेअरच्या दुकानात जी षटकोनी मुर्गा जाळी मिळते, तिने कोंबडी बाहेर जात नाही, एवढंच. उंदीर, धामणीचं पिल्लू, मुंगसाचं डोकं आरामात आत जातं. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश घ्या, गॅल्व्हनाइज्ड. महाग पडते, पण मुंबईच्या दमट हवेत साधी जाळी दोन पावसाळ्यांत गंजून हातात येते. आमचं खुराडं आता जमिनीपासून दोन फूट वर, चार पायांवर आहे. विटांवर टेकवलेलं होतं तेव्हा विटांच्या पोकळीतच घुशीने घर केलं होतं. पिल्लांच्या पिंजऱ्याला मात्र जमीन लागते, तिथे जाळी फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी वळवून त्यावर कडप्प्याचे तुकडे टाकले. खणणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला खणतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं; फूटभर मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही.

फटींचं माप माझं असं: अंगठा शिरला तर उंदीर शिरतो, पेन्सिल शिरली तर उंदराची चिटुकली पिल्लं शिरतात. दाराची नुसती खिट्टी मुंगूस नाकाने ढकलतं, कडी-कोयंडा लावून त्यात खिळा अडकवा. आणि पाऊस लागतो म्हणून निळी ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळू नका. आत वाफ कोंडते, विष्ठेचा उग्र वास डोळ्यांत जातो, कोंबड्या खोकायला लागतात. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री, बाकी तीन बाजूंना वरची वीतभर पट्टी उघडी. भुसा लाकडाच्या वखारीतून आणतो आणि ओला झालेला त्याच दिवशी काढतो. तो वाफ्यात थेट घालायचा नाही, रोपं जळतात. चार-सहा महिने कुजवून मग.

रात्री खुराड्याकडे जायचं तर बॅटरी घेऊन, पायात चप्पल नको, बूट. घरट्यात न बघता हात घालायचा नाही. उंदरांमागे धामणच येते असं नाही. नाग, मण्यार, घोणस हे सगळे या डोंगराला आहेत. कोणाला चावलाच तर दोरी बांधणं, चिरणं, मांत्रिक यातलं काही न करता लगेच मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

वाफे

कुरतडलेल्या भाज्यांचा अर्धा दोष उंदरांसोबत गेला. उरलेला अर्धा गोगलगायींचा निघाला. भेंडीची रोपं जमिनीसरशी कापलेली आणि मातीवर वाळलेला चकचकीत पट्टा, ही तिची खूण. शंखासारख्या निमुळत्या कवचाची, तळहाताएवढी होणारी ही आफ्रिकन गोगलगाय. १८४७ मध्ये ती कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. पावसाळ्यात अंधार पडला की निघते, उजाडायच्या आत दडते; वाटाण्याएवढी पिवळट पांढरी अंडी मातीत शेकड्याने घालते.

मीठ टाकू नका. गोगलगाय मरते आणि वाफाही मरतो. रात्री साडेआठला ओलं गोणपाट आणि पपईची पानं वाफ्याच्या कडेला टाकून ठेवा, सकाळी उचला, खाली दहा-बारा तरी बसलेल्या असतात. हाताला पिशवी गुंडाळून वेचा, उघड्या हाताने नाही. तिच्यात असणाऱ्या एका कृमीमुळे मेंदूला सूज येऊ शकते. बादलीत दाट मिठाचं पाणी करून त्यात टाका आणि ते पाणी वाफ्यापासून लांब ओता. पालेभाजी त्या दिवसांत शिजवूनच खा. पहिल्या आठवड्यात मी रोज साठ-सत्तर वेचत होते, गोकुळाष्टमीपर्यंत पाच-सहांवर आल्या. यात भारद्वाजाचाही हात आहे. तो तांबड्या पंखांचा, जमिनीवरून चालत येणारा पक्षी कवच फोडून गोगलगाय खातो. शेजारच्या काकू त्याचं दर्शन झालं की हात जोडतात, मीही जोडते, वेगळ्या कारणाने.

मिरच्या बुलबुल खातो. त्याला तिखट लागत नाही. त्यावर मी काही करत नाही, दोन झाडं जास्त लावते.

बिबट्याबद्दल

विचारतातच, म्हणून. हो, येतो. आमच्या गल्लीत दोनदा पाहिला गेला, एकदा आमच्याच भिंतीवर चिखलाचा पंजा होता. तो मुख्यतः भटक्या कुत्र्यांच्या मागे येतो आणि कुत्री कचऱ्याच्या मागे. आरेतल्या वारली पाड्यांवर वाघोबाला मानतात आणि अंधार पडल्यावर मुलं-कोंबड्या आत घेतात. आम्ही हेच दुसरं तेवढं शिकलो. साडेसहाला कोंबड्या बंद, मागच्या दाराशी दिवा, कचरा बाहेर नाही. दिसला तर मोबाईल घेऊन मागे धावायचं नाही, गर्दी करायची नाही, घरात जाऊन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

सध्या

यंदाच्या पावसाळ्यात एकही पिल्लू रात्रीचं गेलं नाही. जुलैच्या शेवटी भिंतीच्या फटीतून धामणीची कात बाहेर आलेली दिसली, वाऱ्याने हलत होती. गल्लीत कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी ती कात उचलून कपाटात जपून ठेवली आहे, का ते विचारलेलं नाही.

एक चोर तेवढा राहिला आहे. कावळा. कोंबडी अंडं घातल्यावर कोकलते, हे त्याला कळलं आहे. ती कोकलली की शेवग्यावरून सरळ खाली, घरट्यात, चोचीत अंडं. घरट्याच्या तोंडाला गोणपाटाच्या पट्ट्या लावल्या, तर पहिले चार दिवस घाबरला, पाचव्या दिवशी पट्टी चोचीने बाजूला सारली. आता नायलॉनची दोरी आडवी बांधून बघतेय. तोवर असं चाललंय की कोकलणं ऐकू आलं की मी स्वयंपाकघरातून आणि तो शेवग्यावरून निघतो, आधी पोचेल त्याचं अंडं. या आठवड्यात मी चार, तो दोन.